याडीला तांड्यावर का जायचंय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

बीड जिल्ह्यातल्या एका बंजारा तांड्यावरचा २४ वर्षांचा तरुण लिहितो. तो चाकणला कंत्राटी कामगार आहे. आई-वडील दर हंगामाला ऊसतोडीला जातात. यंदा जोडीची सव्वा लाख उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) घेतली आणि महिनाभरात आईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात रेडिएशन सुरू आहे, आठवड्याला एक केमो. २५ पैकी ११ सिटिंग झाल्या. उपचार सरकारी योजनेतून होतायत. राहायला मात्र जागा नाही, म्हणून मायलेक हॉस्पिटलजवळच्या फूटपाथवर ताडपत्री टाकून आहेत. वडील (बापू) एकटेच ऊसतोडीच्या फडावर. आई जेवत नाही, पाणी पीत नाही, आणि आठ दिवस तिचा एकच धोशा आहे, 'मला तांड्यावर नेऊन सोड.' लेक विचारतो, 'याडी (आमच्यात आईला याडी म्हणतात) हट्टाला पेटलीय. कारण विचारलं तर तोंड फिरवते. डॉक्टरांना या घरच्या भानगडी काय सांगायच्या, त्यांच्यापुढे शेकड्यांनी पेशंट. तिला समजावू कसं? की पाचच दिवस राहिलेत असं खोटं सांगून थांबवू?'

तू माझ्या धाकट्या लेकाच्या वयाचा, म्हणून अरे-तुरेच करते.

आधी शेवटचा प्रश्न. खोटं सांगू नकोस. जी बाई पंचवीस वर्षं मोळ्या मोजत आली, तिला सिटिंग मोजता येत नाहीत असं वाटतं का तुला? सहाव्या दिवशी तुझं पितळ उघडं पडेल, आणि त्यानंतर तू खरं सांगशील तेही ती ऐकणार नाही.

पण आत्ता गेली तर काय होईल, हे तिला तिच्या भाषेत कुणी सांगितलंय का? या आजारात बाहेरचं रेडिएशन, त्याबरोबरचं केमो आणि शेवटी आतून द्यायचं रेडिएशन (हॉस्पिटलात सगळे त्याला ब्रॅकी म्हणतात) हे सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत संपवायचं असतं. मध्ये खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात आणि राहिलेल्या सिटिंग नंतर घेऊन ती तूट भरत नाही. तिला एवढंच सांग की ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत राहिला की खोडवा फुटतो. पुढचं ती तुला समजावून सांगेल.

आता 'हट्ट'. मी बरीच वर्षं एका हॉस्पिटलात समाजसेविका म्हणून टेबल मांडून बसले होते. 'पेशंट ऐकत नाही', 'पेशंट पळून गेला' हे शब्द इतक्यांदा ऐकले की पुढे पुढे ते ऐकले की मी आधी पेशंटच्या चपला बघायचे, मग पिशवी, मग बाटली. माझ्या आठवणीतली एक बाई अशीच याच आजाराची होती. रोज नंबर लागायचा, मशीनपाशी जायची आणि परत पाठवली जायची, कारण तिचं मूत्राशय भरलेलं नसायचं. ओटीपोटाच्या रेडिएशनआधी ठरलेलं पाणी पिऊन लघवी धरून ठेवायला सांगतात, म्हणजे आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. तंत्रज्ञ वैतागलेला, नवरा तिच्यावर ओरडतोय. हातातली लिटरची बाटली काठोकाठ भरलेली. मी तिला बाजूला घेतलं तर म्हणाली, 'ताई, प्यायलं की जावं लागतं. जायचे पाच रुपये. रात्री तर तिथं बाप्येच बसलेले असतात.' दिवसाला आठ खेपा म्हणजे चाळीस रुपये, आणि रात्रीची भीती वेगळी. तिनं साधा तोडगा काढला होता. पाणीच प्यायचं नाही.

तुझी याडी पाणी का पीत नाही, हे मला इथं बसून ठामपणे सांगता येणार नाही. पण तुम्ही फूटपाथवर आहात, ओटीपोटाच्या रेडिएशननं तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अनेकदा जुलाब सुरू होतात, आणि तिला दिवसातून किती वेळा जावं लागतं हे ती तरण्या पोराला सांगणार नाही. त्यात तिला जे केमो देतात ते बहुतेक सिस्प्लॅटिन असणार, आणि त्यात पाणी कमी पडलं तर किडनीला इजा होऊ शकते. म्हणजे संडासाची सोय ही 'घरची भानगड' राहत नाही; ती केसपेपरवर लिहिण्याची गोष्ट आहे.

तू लिहिलंस, 'मी रात्रंदिवस तिच्याजवळ असतो, डॉक्टर बोलतात ते मीच तिला सांगतो.' यात तुझं प्रेम दिसतं, आणि माझ्या मते अडचणही इथंच आहे. डॉक्टर हिंदीत किंवा शहरी मराठीत बोलतात, याडी घरात गोरबोली (बंजारा बोली) बोलते, आणि मधला दुभाषा तू. आजार कुठला? अंगावरून जाण्याचा. डॉक्टरांनी विचारलं, 'जळजळ होते का, रक्त जातं का, पाळी कधी बंद झाली, नवऱ्याशी संबंध येतो का', तर तू ते आईला कुठल्या तोंडानं विचारणार? आणि ती तुला काय उत्तर देणार? ती 'काई नाही' म्हणते, तू डॉक्टरांना 'काही नाही म्हणते' असं सांगतोस, आणि कागदावर 'तक्रार नाही' अशी नोंद होते.

म्हणून पहिलं काम. एक बाई शोध. तुझी बहीण येऊ शकली तर सर्वांत उत्तम. नसेल तर मावशी, काकी. तेही नसेल तर त्या रांगेतच बघ. बीड, यवतमाळ, वाशीम, नांदेड इकडून तांड्यावरची कुणी ना कुणी आलेली असतेच. गोरबोलीत हाक मारलीस तर पाच मिनिटांत नातं निघेल. तिला याडीजवळ बसव आणि तू चहा आणायला म्हणून अर्धा तास निघून जा. नर्सलाही सांग, 'आईला तुमच्याशी एकटीला बोलायचंय, मी बाहेर थांबतो.'

ती बोलायला लागली की काय काय निघेल याचा मला थोडा अंदाज आहे.

एक निघेल खाडा. फडावर एक दिवस काम चुकलं की मुकादम (उचल देऊन टोळी नेणारा ठेकेदार) खाडा धरतो आणि पैसे कापतो. तिच्या डोक्यात इथला प्रत्येक दिवस खाडाच आहे. शनिवार-रविवार मशीन बंद असतं, ते दोन दिवस तर फुकट गेले असंच तिला वाटत असणार. उचल जोडीची आहे, कोयता (नवरा-बायकोच्या जोडीला तिथं कोयताच म्हणतात) अर्धा झालाय, आणि बापू फोनवर तुझ्याशी काय बोलतो हे ती ताडपत्रीच्या कडेला झोपेचं सोंग घेऊन ऐकते. तेव्हा मुकादमाचं आधी मिटवा. बापूनं एकट्यानं न जाता तांड्याचा नायक किंवा चार माणसं घेऊन जावं, हॉस्पिटलच्या कागदांची झेरॉक्स दाखवावी, आणि आईच्या वाटणीची उचल पुढच्या हंगामावर ढकलून घ्यावी, नाहीतर बदली माणूस लावून घ्यावा. जे ठरेल ते कागदावर, तारखेसह. उचलीपोटी माणसाला जबरदस्तीनं कामाला लावणं हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे. कायद्याच्या जोरावर मुकादम उद्या नरमेल असं मी म्हणत नाही, पण दमदाटी सुरू झाली तर तहसीलदाराकडे अर्ज देता येतो, एवढं त्यालाही कळू दे. ठरलं की बापूला सांग, फोन तुला नको, याडीलाच कर. 'मिटलं' हा शब्द तिनं त्याच्या तोंडून ऐकला पाहिजे.

दुसरी निघेल पिशवी, म्हणजे गर्भाशय. तुझ्या पत्रात एक ओळ आहे, तू ती सहज लिहून पुढे गेलास. 'तांड्यावरच्या बायका म्हणतात, आम्ही वेळेवर पिशवी काढली म्हणून वाचलो.' अरे, हे बोलणं तिला आतून पोखरत असणार. तुमच्या जिल्ह्यात काय झालं ते तुला माहीत आहेच. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणींना 'नाहीतर कॅन्सर होईल' अशी भीती घालूनच टेबलावर घेतलं होतं. पाळी चुकवून खाडा वाचवायचा हेही त्यात होतंच. याडीनं तेव्हा पिशवी काढली नाही यात तिची चूक नाही. हा आजार ज्या विषाणूमुळे होतो तो शरीरसंबंधातून येतो, अगदी सर्रास आढळतो, आणि बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघून जातो. काही जणींच्या बाबतीत तो वर्षानुवर्षं चिकटून राहतो, तिथं हा आजार होतो. वेळेवर तपासणी झाली तर कॅन्सर होण्याआधीच ओळखता येतो. ती तपासणी फडावरच्या कोपीपर्यंत (झोपडीपर्यंत) कुणी आणली नाही. या विषाणूवरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करता येत नाही, तिच्या नाही आणि बापूच्याही नाही.

बहिणीच्या सोयरिकीची काळजीही यातच गुंतलेली असणार. आजार ताटातून, कपड्यांतून पसरत नाही. आईच्या रक्तातून लेकीला आलाय असाही हा आजार नव्हे. बाहेरून मशीननं दिलेलं रेडिएशन अंगात साठून राहत नाही, घरी आल्यावर नातवंडाला मांडीवर घेतलं तरी चालतं. तांड्यावर हे तुझ्यापेक्षा आशाताईनं (तिथल्या आरोग्य कार्यकर्तीनं) सांगितलेलं जास्त चालेल. तिला फोन करून ठेव.

आता जागा. फूटपाथवरून तिला उचल, आणि या आठवड्यातच. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा (पाटी सापडली नाही तर 'एमएसडब्ल्यू मॅडम कुठं बसतात' असं विचार) आणि नुसतं 'मदत करा' म्हणू नकोस. रोज तेच ऐकून त्यांचे कान किटलेले असतात. असं सांग, 'माझ्या आईच्या पंचवीसपैकी चौदा सिटिंग आणि ब्रॅकी बाकी आहे. संडासाची सोय नाही म्हणून ती पाणी पीत नाही. ती उपचार सोडून जायच्या बेतात आहे.' हे शेवटचं वाक्य गिळू नकोस. हेच डॉक्टरांनाही सांग. तुला वाटतं त्यांचा वेळ जाईल. उपचार अर्ध्यात सुटला तर आत्तापर्यंतची त्यांची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून कुठलाही बरा डॉक्टर हे ऐकून पेन उचलतो.

दादरला गाडगे महाराजांच्या नावानं धर्मशाळा आहे, तिथं कॅन्सरचे पेशंट आणि नातेवाईक राहतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. अशा ठिकाणी बहुतेक वेळा हॉस्पिटलची चिठ्ठी लागते आणि यादीही लांब असते; आज नाही मिळालं तरी नाव लावून ये आणि दर दोन दिवसांनी विचार. लाज वाटू देऊ नकोस, विसरलेलं नाव मागं पडतं. जागा मागताना स्वतः शिजवायची सोय आहे का ते विचार. याडी अन्नदानाच्या रांगेत उभी राहत नाही, हे तुला ताठा वाटतं. मला त्यात कष्टाचं खाल्लेल्या माणसाचा संकोच दिसतो. हाताला पीठ लागलं तर ती चार घास खाईलही. मात्र जुलाब असेपर्यंत तिखट आणि ठेचा बंद. मऊ भात, ताक, पातळ वरण चालेल का ते तिथल्या आहारतज्ज्ञांना विचारून घे.

पैशांचं पटपट सांगते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार होतायत, चांगलं आहे. अडलं तर आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला) धर किंवा १५५३८८ वर फोन कर. पण ती योजना हॉस्पिटलच्या आतली. बाहेरचा चहा, संडास तिच्यात नाही. तुझ्या पगाराच्या स्लिपवर ईएसआयसीची (कामगार विम्याची) कपात आहे का बघ. असेल, आणि आई-वडील तुझ्यावर अवलंबून असतील (त्यांचं उत्पन्न महिना नऊ हजारांपर्यंत), तर त्यांचं नाव तुझ्या कार्डावर चढतं. कंत्राटदार हे आपणहून सांगत नाहीत. तांड्यावर जायची वेळ येईल तेव्हा रेल्वेचा सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलातून भरून घे: उपचारासाठीच्या प्रवासात कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसाला त्यात ७५ टक्के सवलत. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. रेशन कार्डावरचं धान्य मुंबईच्या दुकानातही अंगठा लावून मिळतं. कुणाच्या दारात न जाता पीठ हवं असेल तर हा रस्ता तिला जास्त आवडेल.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कॅन्सरचे पेशंटही बसतात, महिना दीड हजार. उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजारांची आहे. एकवीस हजारांत वर्ष काढणारं माणूस सरकारला कुठं भेटलं कुणास ठाऊक. त्यात कमावता मुलगा म्हणून तुझीही आडकाठी येऊ शकते. तरी तहसीलमध्ये विचारून ठेवायला काय जातं. तुझ्यासारखा कमावता मुलगा नसलेल्या विधवा, परित्यक्ता वाचकांनी तर नक्कीच विचारावं.

एक मोह टाळायला सांगते. 'जवळ नेऊ का' असं तू विचारलंयस. बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटल आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. अजून सुरुवात न झालेल्यांनी तिकडची चौकशी आधी करावी असंच मी म्हणेन, मुंबईच्या नावाला भुलू नये. पण अकरा सिटिंग झाल्यावर मशीन बदलायचं तर नव्यानं आखणी होणार, त्यात दिवस जाणार, आणि आठ आठवड्यांचं घड्याळ थांबत नाही. नंतरच्या तपासण्या तिकडे करता येतील का ते मात्र डॉक्टरांना जरूर विचार.

तुझ्या पत्राच्या निमित्तानं इतर वाचकांसाठी थोडं. पेशंटची गरज फॉर्मवरच्या रकान्यात बसत नाही, ती माणसागणिक वेगळी निघते. जबडा काढलेल्या रिक्षावाल्याला शस्त्रक्रियेनंतर मीटर दिसतं, पण 'कुठं जायचंय' हे विचारता येत नाही. त्याला आधी बोलण्याचा सराव हवा. लग्न न झालेल्या पोराला केमोच्या आधी वीर्य गोठवून ठेवता येतं हे कुणी सांगितलंच नाही, तर नंतर सांगून उपयोग नसतो. ते त्यानं आईबापांसमोर विचारावं अशी अपेक्षाही करू नये. तृतीयपंथी पेशंट आला की हॉस्पिटल वॉर्डच्या प्रश्नाशी अडतं आणि 'नातेवाईक कोण' या रकान्यात गुरूचं नाव लिहायला कारकून कचरतो. नंदुरबारमधल्या धडगावकडची, पावरी ही आदिवासी बोली बोलणारी बाई मान हलवते, ती कळलं म्हणून नव्हे, सुटका व्हावी म्हणून. आणि पुण्यातल्या फ्लॅटमधल्या, विमा असलेल्या माणसालाही गरज असते. त्याच्याकडे रोज सात जण काढ्याची कृती पाठवतात आणि बरोबर दवाखान्यात यायला कुणी नसतं.

राहता राहिला तू. आठ रात्री फूटपाथवर, चाकणला सुपरवायझरचे फोन, आणि पत्रात स्वतःबद्दल एकच ओळ, 'माझं काय, मी ठीक आहे.' सुट्टी लेखी टाक, हॉस्पिटलचं पत्र जोड. तोंडी सांगितलेली रजा कंत्राटी माणसाच्या अंगलट येते. शनिवार-रविवार कुणी तासभर बसणारं असेल तर झोप काढ.

बहिणीला दोन दिवसांत येता आलं नाही तरी एक तारीख चुकवू नका. ब्रॅकीच्या वेळी भूल किंवा गुंगी देऊन आत नळ्या बसवतात. शुद्धीवर येताना बाई घाबरलेली असते, अंगावर गाऊन असतो, आणि त्या खोलीच्या दाराशी लेक उभा असलेला तिला नको असतो. त्या दिवशी काय होणार हे याडीला आधीच, तुझ्या माघारी, बाईमाणसाकडून कळलं पाहिजे. डॉक्टरांनी ब्रॅकीची तारीख दिली की दुसरं काही करायच्या आधी बहिणीचं तिकीट काढ.